शेतीचं अनुदान नेमकं कुणाच्या खात्यात जातं? वांगणी-अंबरनाथ परिसरातल्या कुटुंबांसाठी माहिती

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. "शेजाऱ्याच्या खात्यात दोन-दोन हजार येतात, आमची पण जमीन आहे, मग आम्हाला का नाही?" विचारणारा कधी वांगणीचा असतो, कधी बदलापूरजवळच्या गावातला, कधी नोकरीपुरता मुंब्र्यात किंवा कल्याणात राहणारा आणि गावाकडे भाताची खाचरं असलेला. याचं उत्तर बहुतेक वेळा सरकारच्या मर्जीत नसतं आणि धर्मातही नसतं. ते असतं सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावर मरहूम दादाजानचं नाव अजून तसंच असेल, तर नातू कितीही घाम गाळो, अनुदानाच्या यादीत तो शेतकरी नाहीच.

म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. कोणती योजना कुणासाठी आहे, पैसा कुठून कुठे जातो, कोण आत आणि कोण बाहेर राहतो, आणि आपल्या घरांत कागद कुठे अडकतो, हे सगळं यात आहे. उदाहरणं वांगणी परिसरातली असली तरी नियम राज्यभर सारखेच आहेत.

आधी परिसराविषयी थोडं

वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूर आणि शेलू यांच्यामधलं स्टेशन. तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. शेलू-नेरळपासून रायगड जिल्हा सुरू होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले : ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर. जिल्ह्याचं नाव घेतलं की लोकांना इमारती आठवतात, पण बदलापूर सोडलं की गाडीच्या खिडकीतून आजही भाताची खाचरं दिसतात. पावसाळ्यात भात, नंतर ओलीवर वाल, हरभरा, कुठे पाणी असेल तर काकडी-भेंडी. रस्त्याकडेला रोपवाटिका. जवळच कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या भाताच्या जाती 'कर्जत' नावानेच ओळखल्या जातात.

दुसरी बाजूही आहे. मुंबईपेक्षा स्वस्तात घर मिळतं म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे खूप लोक आले, त्यात आपली बिरादरीही आहे. जमिनीचे तुकडे पडले, फार्महाऊस झाली. त्यामुळे असं चित्र तयार झालं की सातबाऱ्यावर नाव मुंबई-डोंबिवलीच्या माणसाचं आणि नांगर हातात दुसऱ्याच्या. अनुदानाचा हिशेब समजून घ्यायचा तर हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

थेट खात्यात येणारा पैसा

सगळ्यात जास्त लोकांना माहीत असलेली योजना म्हणजे पीएम-किसान सन्मान निधी. २४ फेब्रुवारी २०१९ ला ती सुरू झाली, लाभ १ डिसेंबर २०१८ पासून धरला गेला. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठीच होती. जून २०१९ पासून ती अट काढली. म्हणजे आज दोन गुंठे असणारा आणि वीस एकर असणारा दोघांनाही तेवढेच ६,०००. महाराष्ट्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात यात स्वतःचे ६,००० घातले, ती नमो शेतकरी महासन्मान निधी योजना. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीच्या कार्यक्रमात वाटला गेला. नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम-किसानमध्ये पात्र असाल तर ते आपोआप मिळतात. दोन्ही मिळून वर्षाचे १२,००० होतात. राज्यात ९० लाखांच्या आसपास कुटुंबं या यादीत आहेत.

कोण बाहेर? यादी मोठी आहे, पण आपल्या घरांना लागू पडणारे मुद्दे असे. मागच्या वर्षी इन्कम टॅक्स भरलेला असेल तर नाही. सरकारी नोकरी असेल तर नाही, मात्र शिपाई-सफाई कामगार अशा गट ड च्या कर्मचाऱ्यांना सूट आहे. महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन असेल तर नाही, इथेही गट ड ला सूट. नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनियर, सीए, आर्किटेक्ट यांना नाही. आमदार-खासदार, महापौर असे आजी-माजी पदाधिकारी बाहेर. संस्थेच्या नावावरची जमीन बाहेर. म्हणजे मशीद-दर्ग्याची इनाम जमीन किंवा वक्फची शेती कसणाऱ्याला त्या जमिनीवर हा हप्ता मागता येत नाही. आणि परदेशात राहणारे, म्हणजे आयकर कायद्याच्या भाषेतले अनिवासी भारतीय, तेही बाहेर. कोकणी मुसलमानांच्या किती घरांत कर्ता माणूस कुवेत-सौदीत असतो हे सांगायला नको. त्याच्या नावावर जमीन असेल आणि गावाकडे कुणीतरी त्याच्या नावाने हप्ता उचलत असेल, तर ते पैसे पुढे वसूल होऊ शकतात. ही गोष्ट हलक्यात घेऊ नका.

वसुली कोरड्या धमकीपुरती नाही. माहिती अधिकारात मिळालेली आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली आकडेवारी अशी, की जुलै २०२० पर्यंत २०.४८ लाख अपात्र लोकांच्या खात्यांत सुमारे १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त चक्क इन्कम टॅक्स भरणारे होते. राज्यांमध्ये पंजाब आणि आसामनंतर महाराष्ट्राचा नंबर होता. त्यानंतर तहसीलदारांनी नोटिसा काढल्या. म्हणजे एकीकडे खरा कसणारा बाहेर आणि दुसरीकडे टॅक्स भरणारा आत, असं काही वर्षं चाललं.

'कुटुंब' या शब्दाचा अर्थही इथे वेगळा आहे. आपल्यासाठी कुटुंब म्हणजे अम्मी-अब्बा, भाऊ, भावजया, सगळे. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि १८ वर्षांखालची मुलं. एवढंच. दोघे सख्खे भाऊ एकाच घरात, एकाच चुलीवर जेवत असले तरी लग्नं झालेली असतील तर ती दोन कुटुंबं. उलट नवरा-बायको दोघांच्या नावावर वेगळी जमीन असेल तरी हप्ता एकालाच. २०२५ मध्ये केंद्राने नवरा-बायको दोघेही घेतात अशी आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली अशी प्रकरणं संशयित म्हणून वेगळी काढली, त्यांचे हप्ते पडताळणीपर्यंत थांबवले. आपल्याकडे कुणाचा हप्ता अचानक बंद पडला असेल तर आधी ही दोन कारणं तपासा.

ती १ फेब्रुवारी २०१९ ची तारीख लक्षात ठेवा. त्या तारखेआधी जमीन तुमच्या नावावर हवी. नंतर खरेदी केलेल्या जमिनीवर हप्ता धरत नाहीत. वारसाने आलेली जमीन मात्र चालते. वांगणीत अलीकडे चार-पाच गुंठ्यांचा तुकडा घेऊन 'आता मी शेतकरी' म्हणणाऱ्यांना म्हणूनच पैसे येत नाहीत, आणि दादाजानची जमीन नातवाच्या नावावर आज झाली तरी येऊ शकतात.

एक एकर आणि चार वारस

आता मूळ दुखण्याकडे येतो. समजा वांगणीजवळ एक एकर भातशेती आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे. मालक वारले. मागे बेवा, दोन मुलगे आणि एक मुलगी. आई-वडील आधीच गेलेले. इस्लामी वारसा हिश्शांप्रमाणे बेवेचा आठवा हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरले ३५. मुलाचे दोन आणि मुलीचा एक अशा प्रमाणात पाच वाटे. एक वाटा ७ गुंठ्यांचा. प्रत्येक मुलाला १४ गुंठे, मुलीला ७. हिशेब बरोबर ४० ला येऊन थांबतो.

या चौघांची नावं सातबाऱ्यावर लागली, तर पीएम-किसानच्या नियमाप्रमाणे एकाच जमिनीवरची ही वेगवेगळी कुटुंबं स्वतंत्रपणे अर्ज करू शकतात, अर्थात प्रत्येकजण बाकी अटींत बसला तर. आई स्वतः, दोन भाऊ, आणि बहीण, जर तिच्या नवऱ्याला आधीच हप्ता मिळत नसेल तर. चौघे पात्र ठरले तर एका एकरावर वर्षाला ४८,००० रुपये. नावं लागलीच नाहीत तर शून्य. मयत माणसाच्या खात्यात हप्ता जात नाही, आणि चुकून गेलाच तर तो काढून घेणं गुन्ह्याच्या जवळ जातं.

गंमत अशी की शेजारचा दहा एकराचा एकटा खातेदार वर्षाला १२,००० च घेतो. योजना जमीन मोजत नाही, नावं मोजते. हे न्याय्य आहे की नाही यावर वाद घालता येईल. पण नियम असा आहे तोवर नाव न लावणाऱ्याचं नुकसान होतंच.

नाव का लागत नाही? आम्ही जी घरं पाहिली तिथे कारणं जवळपास सारखीच निघाली. एक, भावांचं आपसात ठरत नाही म्हणून 'राहू दे सध्या'. दोन, बहिणीचं नाव लावलं तर हिस्सा द्यावा लागेल ही भीती. तीन, तलाठ्याकडे चकरा नको. दुसऱ्या कारणाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मजलिशीत वारसाहक्काच्या आयती सांगणारे आपण सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायची वेळ आली की "तिने तर हक्क सोडलाय" म्हणतो. तोंडी सोडलेला हक्क कागदावर चालत नाही. हक्कसोड पत्र नोंदणीकृत लागतं, आणि ते तिने राजीखुशीने केलेलं असावं लागतं. वारसाची नोंद करताना तिचं नाव वगळून खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर ती पुढे केव्हाही हरकत घेऊ शकते, आणि मग अनुदान सोडा, विक्रीही अडते.

कायद्याची एक बारीक गोष्ट. १९३७ च्या शरियत कायद्याच्या कलम २ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. उत्तर प्रदेशात शेतजमिनीच्या वारसाचे नियम राज्याच्या महसूल कायद्यातून येतात आणि त्यात मुलींना बराच काळ मागे ठेवलं गेलं. महाराष्ट्रात शेतजमिनीसाठी असा वेगळा वारसा कायदा नाही. मुस्लिम कुटुंबात व्यक्तिगत कायद्याचेच हिस्से धरले जातात. तलाठ्याची नोंद ही महसुलापुरती असते. कोणाचा किती हिस्सा, हा वाद उभा राहिलाच तर तो दिवाणी कोर्टात सुटतो. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीचा आपल्याशी संबंध नाही, पण अर्धवट माहितीवरून कुणीतरी ती मध्ये आणतोच.

वारस नोंद कशी करायची

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. चाळीस वर्षांनीही नोंद होते, फक्त कागद जमवायला त्रास होतो. लागतं काय : मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, आधार, सातबारा आणि ८-अ उतारा. अर्ज तलाठी सजात हाताने देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाईन. (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. पण गावात सगळे तलाठीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.) कलम १५० प्रमाणे फेरफार तयार होतो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

२०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. बुलढाण्यात सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर. सातबाऱ्यावरच्या मयत खातेदारांची यादी गावात वाचून वारसांची नावं लावायची, असं तिचं स्वरूप होतं. या मोहिमेत ज्यांनी नावं लावून घेतली त्यांचं काम झालं. ज्यांनी नाही, त्यांना नेहमीचा रस्ता उघडाच आहे.

आमच्यातल्या एका साथीच्या घरी दादांचा मृत्यूचा दाखलाच नव्हता. सत्तरच्या दशकातला मृत्यू, दफन गावच्या कबरस्तानात, नोंद कुठेच नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात सात-आठ महिने गेले. शेवटी उशिरा मृत्यू नोंदणीचा आदेश घेऊन दाखला काढला तेव्हा फेरफार झाला. तेव्हापासून आम्ही सगळ्यांना सांगतो, मय्यत झाल्यावर जियारतीच्या आधी नाही तर निदान चाळिसाव्याच्या आत दाखला काढून घ्या. २१ दिवसांत नोंद केली तर काहीच त्रास नाही.

नावाचा घोळ

हा आपल्या समाजाचा खास त्रास आहे. आधारवर 'शेख मोहम्मद', सातबाऱ्यावर 'महमद शेख', बँकेत 'मो. शेख'. बाईचं नाव कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे नवऱ्याच्या नावासह आणि कुठे बापाच्या. 'अब्दुल' कुठे जोडून तर कुठे तोडून. कॉम्प्युटरला ही चार वेगळी माणसं वाटतात आणि हप्ता अडकतो. सातबाऱ्यावरची चूक लिखाणाची असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना हस्तलिखित सातबारा किंवा फेरफार पुरावा म्हणून जोडायचा. आधार चुकीचं असेल तर ते आधी सुधारा, कारण ई-केवायसी, बँक खातं आणि शेतकरी ओळख क्रमांक हे सगळं आधारवर उभं आहे.

शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे ॲग्रिस्टॅकचा फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. सीएससी किंवा आपले सरकार केंद्रात आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि सातबारा घेऊन गेलं की नोंदणी होते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर आहे. एजंटला त्यासाठी शंभर-दोनशे देऊ नका.

औजारं, ठिबक, फळबाग

हे पैसे थेट हप्त्यासारखे येत नाहीत. आधी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग मंजुरी, मग स्वतःच्या पैशाने खरेदी, मग तपासणी आणि शेवटी अनुदान खात्यात. पूर्वी लॉटरी निघायची. २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असं केलं आहे. ज्याच्याकडे खरेदीपुरते रोख पैसे नाहीत तो इथेच गळतो. आमच्या मते अनुदान मोठ्या शेतकऱ्याकडे का झुकतं याचं सगळ्यात साधं कारण हेच आहे.

यांत्रिकीकरणात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, बाकीच्यांना ४० टक्के, तेही ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. दोन हेक्टरच्या आतले सगळे अल्पभूधारक, म्हणजे आपल्यातले जवळपास सगळे ५० टक्क्यांत येतात. ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेतून अल्पभूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी मर्यादा १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत आहे, इतर विभागांत ती २० गुंठ्यांपासून ६ हेक्टर. दहा गुंठ्यांच्या बांधावर आंबा-चिकू-नारळ लावायचा असेल तरी बसतं, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

शेळी आणि कोंबडीपालन करणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदान आहे. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या गटाला १० लाखांपर्यंत, ५०० आणि २५ ला ५० लाखांपर्यंत. उरलेला पैसा बँकेचा किंवा स्वतःचा. कमीत कमी गट शंभरचा असल्यामुळे घरामागे दहा शेळ्या पाळणाऱ्या बाईला याचा उपयोग नाही, हेही सांगितलं पाहिजे.

जात, जमात आणि आपण

विहीर, पंप, शेततळं यासाठीच्या दोन मोठ्या योजना आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी, आणि बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना अनुसूचित जमातींसाठी. १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे मुसलमान अनुसूचित जातीत येत नाहीत, म्हणून पहिली आपल्याला बंद. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा भागातले तडवी भिल्ल बहुतेक मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातीत आहेत. त्यांना बिरसा मुंडा योजना खुली आहे. अंबरनाथ तालुक्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांनाही तीच लागू. वनहक्काचा पट्टा असलेले आदिवासी पीएम-किसानमध्येही बसतात. ओबीसी दाखल्याचा या कृषी योजनांत फारसा उपयोग नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कर्ज देतं, शेती अनुदान नाही. दोन्हींची गल्लत करून लोक चुकीच्या दारात उभे राहतात.

मुसलमान शेतकऱ्यांना एकूण किती मिळतं? हा आकडा सरकारी कागदात नाहीच. पीएम-किसानचा अर्ज अनुसूचित जाती, जमाती की इतर एवढंच विचारतो. शेती गणनेतही धर्माचा रकाना नसतो. एवढं माहीत आहे की २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान ११.५४ टक्के होते आणि त्यातले सत्तर टक्क्यांहून अधिक शहरांत. सच्चर समितीनेही २००६ मध्ये देशभराचं असंच निरीक्षण नोंदवलं होतं, की मुसलमान शेतीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त. म्हणजे जमिनीवर आधारलेला पैसा मुळात आपल्याकडे कमीच येणार. जे थोडे शेतीत आहेत त्यांचा तरी कागदाअभावी जाऊ नये, एवढीच आमची धडपड.

आधी सांगितलेला मुंबईच्या मालकाचा सातबारा इथे पुन्हा आठवा. कसणाऱ्याला पीएम-किसान नाही, हमीभावाने भात विकायची नोंदणी नाही, बोनस नाही. भाताला बोनस म्हणून राज्याने अलीकडच्या हंगामात हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत दिले, तेही नोंदणीकृत शेतकऱ्यालाच. मालक भाडेकरार लिहून देत नाही, कारण कुळकायद्याची धास्ती. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाची आठवण कोकणात अजून ताजी आहे. कसणाऱ्याच्या वाट्याला येतं ते फक्त खतातलं अनुदान. युरियाची ४५ किलोची गोणी साडेदोनशे-पावणेतीनशे रुपयांत मिळते, खरी किंमत तिच्या कितीतरी पट आहे, आणि दुकानात आधारवर अंगठा दिला की सातबारा कोणी विचारत नाही. खतासाठी केंद्र वर्षाला दीड लाख कोटींहून जास्त खर्च करतं, पीएम-किसानवर सुमारे ६० हजार कोटी. पण हा पैसा कंपनीला जातो आणि जो जास्त गोण्या टाकतो त्याला जास्त लाभ होतो. खाचरात दोन गोण्या टाकणाऱ्याला तो जाणवतही नाही.

पूर, विमा आणि अपघात

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, हजारहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. बातमी रेल्वेची झाली. उल्हास नदीचं तेच पाणी भातातही शिरलं होतं. अशा वेळी ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर पंचनामा होऊन मदत मिळते. केंद्राच्या निकषाने जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, दोन हेक्टरपर्यंत. राज्य कधी कधी त्यात वाढ करतं. एक एकराला ते साधारण ३,४०० रुपये बसतात. लावणीचा मजुरी-खर्चही यातून निघत नाही. तरी ते घ्यायचं असेल तर ई-पीक पाहणी केलेली असावी. मोबाईल ॲपवर आपण स्वतःच शेतात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हीच पद्धत आहे. न केल्यास सातबाऱ्यावर पीक कोरं दिसतं आणि विमा, हमीभाव, मदत तिन्ही अडतात.

पीकविमा २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात होता. त्यात सरकारी जमिनी, एनए प्लॉट, धार्मिक संस्थांच्या जागा यांवरही बोगस विमे निघाल्याचं समोर आलं आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद झाली. आता पुन्हा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा. भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरते, म्हणजे तुमचं एकट्याचं खाचर वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी चांगली निघाली तर हाती काही येत नाही.

पीक कर्जाबद्दल विचारणा होते. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून शेतकऱ्यावर व्याज जवळपास उरत नाही. पण मुदत चुकली की पूर्ण व्याज लागतं. व्याजामुळे आपल्यातले अनेकजण मुळातच लांब राहतात. विम्याबद्दलही काहींना शंका असते. तो मसला आपापल्या उलमांना विचारावा, आम्ही फक्त हिशेब सांगतो.

सगळ्यात कमी मागितली जाणारी मदत म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान. २०२३ पासून विमा कंपनी मध्ये नाही, सरकार थेट देतं. सर्पदंश, वीज पडणं, पाण्यात बुडणं, विजेचा शॉक, रस्ता किंवा रेल्वे अपघात, अशात मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक सदस्य, आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा किंवा अविवाहित मुलगी, दोघांना हे लागू आहे. म्हणजे कामासाठी रोज लोकल धरणारा शेतकऱ्याचा मुलगा रुळांवर गेला तरी घरच्यांना अर्ज करता येतो. रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंना वसलेल्या आपल्या भागात हे माहीत असायलाच हवं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, घटनेपासून ३० दिवसांत. सोबत सातबारा, ६-क म्हणजे वारसांची नोंद, मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल. आपल्याकडे दफन लवकर व्हावं म्हणून शवविच्छेदन टाळण्याकडे कल असतो. अपघाती मृत्यूत ते टाळलं तर पुढे पोलिसांतही आणि या अर्जातही अडचण येते.

वांगणीच्या लोकांना महसुली कामासाठी सजाचा तलाठी आणि मंडळ अधिकारी, त्यावर अंबरनाथ तहसील. योजनेच्या कामासाठी गावचे सहाय्यक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचे कृषी सहाय्यक, आणि तालुका कृषी अधिकारी. पीएम-किसानची स्थिती पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून बघता येते. तिथे 'लँड सीडिंग' पुढे 'नो' दिसत असेल तर काम तहसीलमध्ये, 'आधार बँक सीडिंग' पुढे 'नो' असेल तर बँकेत, आणि 'ई-केवायसी' पुढे 'नो' असेल तर सीएससी केंद्रात. हे आधी घरून बघून मगच गाडी पकडा, म्हणजे दिवस फुकट जाणार नाही.